सिरपूर तलावाजवळचा गृहप्रकल्प: ईसी (पर्यावरण मंजुरी) लागेल का, आणि जैवविविधतेचं सर्वेक्षण कधी करायचं?

अभिन्यास_इंदूर

नमस्कार मंडळी. धार रोडच्या बाजूला, सिरपूर तलावाच्या काठापासून सरळ रेषेत साधारण ६०० मीटरवर १.६ हेक्टरचा भूखंड आहे. १८० फ्लॅट, एक तळघर, वर पोडियम पार्किंग. एफएआरमध्ये (भूखंडाच्या प्रमाणात मोजल्या जाणाऱ्या बांधकामात) धरलेलं क्षेत्र १८,६०० चौरस मीटर. मालकांचं म्हणणं असं की २०,०००च्या आत आहोत, म्हणजे पर्यावरण मंजुरीचा प्रश्नच येत नाही. टीएनसीपीने (नगर व ग्राम नियोजन विभागाने) अभिन्यास, म्हणजे जागेचा आराखडा, मंजूर केला की खोदाई सुरू. पूर्वेच्या कडेने पावसाळी नाला जातो आणि पुढे तलावाकडेच वळतो. झाडं १४०च्या आसपास, त्यात दोन जुने वड.

आता मे चालू आहे. मालकांना कागद दोन महिन्यांत जमा करायचेत. ईसी खरंच लागत नाही का? लागत असेल तर जैवविविधतेचा भाग कितपत खोलात करावा लागतो? आणि तलावाचे नियम ६०० मीटरपर्यंत पोचतात का?

---

ईसी_फाइलवाला

लागते. एफएआरचा आकडा इथे कामाचाच नाही. १४ सप्टेंबर २००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेतलं 'बांधीव क्षेत्र' म्हणजे सगळ्या मजल्यांचं आच्छादित क्षेत्र, तळघर आणि सेवा-क्षेत्रांसकट. २०११च्या दुरुस्तीने ही व्याख्या स्पष्ट केली. तळघर, पोडियम, जिने, लिफ्टचे खड्डे, पंपघर, डीजी (जनरेटर) रूम, क्लब हाऊस, सगळं जोडा. १८,६०० एफएआर असलेला प्रकल्प या हिशेबाने सहज २८-२९ हजारांवर जातो. २०,००० ते १,५०,०००च्या मधले प्रकल्प अधिसूचनेच्या ८(अ) या नोंदीत येतात. वास्तुविशारदाकडून दोन वेगळे तक्ते करून घ्या, एक टीएनसीपीसाठी, एक ईसीसाठी, आणि दुसऱ्यावर 'ईआयए अधिसूचनेनुसार' असं ठळक लिहा. दोन तक्ते एकमेकांत मिसळले की सेकचा (राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीचा) पहिला प्रश्न तिथूनच येतो.

आणखी एक. शेजारच्या खसऱ्यावर (महसुली क्रमांकाच्या जमिनीवर) याच मालकांचा दुसरा टप्पा असेल आणि रस्ता, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) किंवा पाण्याची टाकी सामायिक असेल, तर दोन्ही मिळून एकच प्रकल्प धरला जातो. तुकडे पाडून २०,०००च्या आत राहायचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका.

८(अ) म्हणजे बी-२ हा प्रवर्ग. त्याला ईआयए अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही नसते. फॉर्म १, फॉर्म १ए, संकल्पना आराखडा आणि सोबतचे नकाशे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर चढवायचे. सल्लागार संस्था नॅबेटमान्य (सल्लागारांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेली) हवी, आणि तिच्या प्रमाणपत्रात सेक्टर ३८, म्हणजे इमारत बांधकाम, आहे का ते स्वतः बघा. नुसतं 'मान्यताप्राप्त' या शब्दावर जाऊ नका. प्रयोगशाळेचंही तसंच. एनएबीएलची (प्रयोगशाळांची) मान्यता असते, पण जो घटक मोजलाय तो तिच्या स्कोपमध्ये नसतो.

ईडीएस, म्हणजे अर्जातल्या त्रुटींची विचारणा, कशामुळे लागतं? बहुतेक वेळा केएमएल फाइलमुळे, म्हणजे भूखंडाच्या सीमेच्या डिजिटल नकाशामुळे. गूगल अर्थवर अंदाजाने काढलेला बहुभुज खसऱ्याच्या नकाशाशी जुळत नाही, एखादी रेघ दुसरीला छेदते, नाहीतर क्षेत्रफळ १.६ऐवजी १.७ येतं. आधी तहसीलकडून सीमांकन करून घ्या, कोपऱ्यांचे निर्देशांक डीजीपीएसने (जास्त अचूक जीपीएसने) घ्या, मगच केएमएल बनवा. नाला खसऱ्यात 'शासकीय' नोंदलेला आहे का, हेही त्याच वेळी कळतं. असेल तर तेवढी पट्टी तुमच्या क्षेत्रातून वजा होते आणि पुढचे सगळे आकडे बदलतात.

शेवटचं आणि सर्वात महत्त्वाचं: ईसी हातात येईपर्यंत जागेवर कुंपण आणि चौकीदाराची तात्पुरती शेड, एवढंच. जमीन सपाट करणंसुद्धा 'काम सुरू' यातच मोडतं. टीएनसीपीचा अभिन्यास मंजूर असला तरी.

---

पाणथळ_निरीक्षक

तलावाच्या नियमांबद्दल. सिरपूर २०२२पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे. पाणथळ (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, २०१७ रामसर स्थळांना थेट लागू होतात. 'होळकरांच्या काळात बांधलेला तलाव आहे, मानवनिर्मित आहे, नियम लागत नाहीत' हा मुद्दा इथे बऱ्याच फाइलींत येतो आणि टिकत नाही. कायमच्या बांधकामावरची बंदी सरासरी पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत आहे. ही सरासरी नियम लागू झाले तेव्हाच्या आधीच्या दहा वर्षांतली. तुम्ही ६००वर आहात, म्हणजे त्या पट्ट्यात नाही.

पण नियमांत 'प्रभावक्षेत्र' नावाची दुसरी गोष्ट आहे: पाणलोटाचा तो भाग, जिथल्या विकासकामांनी पाणथळीच्या स्वरूपात वाईट बदल होतो. तुमचा नाला तलावात जातो, म्हणजे तुम्ही ६०० मीटर लांब आहात ते कागदावर. पाण्याच्या वाटेने तुम्ही तलावाला लागूनच आहात. समिती नाल्यावरच बोट ठेवणार. सिरपूर उथळ आहे, पावसाळ्यात भरलं तरी खोली जेमतेम दोन मीटर, आणि पाणी मुळातच पोषकद्रव्यांनी भरलेलं. अशा तलावात गाळ आणि सांडपाणी गेलं की परिणाम फार लवकर दिसतो. फॉर्म १एमध्ये ५०० मीटरचा परिसर-नकाशा मागतात म्हणून तलाव नकाशाबाहेर ठेवायचा मोह होईल. उलट करा. नाला उगमापासून तलावाच्या तोंडापर्यंत काढून दाखवा.

आता ऋतूंचा मुद्दा. मेमध्ये केलेल्या सर्वेक्षणात झाडं नीट दिसतात, घरटी दिसतात, आणि बाकी जवळजवळ काहीच दिसत नाही. नाला कोरडा, गवत जळलेलं. बेडूक जमिनीखाली. बुलफ्रॉगचे पिवळेधमक नर पहिल्या दमदार पावसानंतरच्या दोन-तीन रात्री ओरडतात आणि मग पुन्हा गप्प होतात. त्या रात्री कुणी नाल्यावर नसेल तर अहवालात 'उभयचर: नोंद नाही' असं येतं. हिवाळी बदकं, म्हणजे तलवार बदक, थापट्या, लालसरी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ती तुमच्या भूखंडावर उतरणार नाहीत, पण तुमच्या इमारतीची उंची, काच आणि दिवे त्यांच्या वाटेत येऊ शकतात.

म्हणून सुचवतो: आत्ता झाडांची गणना आणि घरट्यांची नोंद. जूनअखेर ते ऑगस्ट नाल्याकाठी रात्रीची फेरी आणि गवत-झुडपांचे चौकोन. डिसेंबर-जानेवारीत तलावाच्या तुमच्या बाजूच्या काठावर पक्षीगणना. बी-२ला हे सगळं आधी पूर्ण असण्याची सक्ती नाही. पहिला टप्पा जोडून अर्ज करा, पुढच्या दोन टप्प्यांचं वेळापत्रक लेखी द्या आणि ते पाळा.

---

मालवा_कन्सल्ट

एवढं सगळं ८(अ)साठी? वनविभागाच्या कार्य आयोजनेतून (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यातून) प्रजातींची यादी उचलली, खाली 'दुय्यम स्रोत' लिहिलं की काम होतं. सगळे तेच करतात.

---

पाणथळ_निरीक्षक

सगळे करतात म्हणूनच समितीतल्या लोकांना ती यादी पाठ झालीय. वनमंडळाची यादी जंगलाची असते. त्यातून चितळ आणि रानडुक्कर शहरी भूखंडाच्या अहवालात येतात आणि नाल्यातलं कासव मात्र येत नाही.

दुसरी गोम त्याहून महागात पडते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २०२२च्या दुरुस्तीने बदलल्या आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झाल्या. जुन्या याद्या उचलणाऱ्यांच्या अहवालात अजूनही अनुसूची ५ आणि ६ दिसतात, ज्या त्या रूपात आता अस्तित्वातच नाहीत. मोर आणि घोरपड आधीपासून अनुसूची १मध्ये. धामण, नाग आणि कोल्हा नव्या रचनेत तिथे आले. पश्चिम इंदूरच्या कुठल्याही पडीक भूखंडावर धामण असतेच. 'अनुसूची १ची एकही प्रजाती नाही' हे वाक्य लिहून खाली सही करणं म्हणजे तज्ज्ञाने स्वतःच्या मान्यतेवर कुऱ्हाड मारणं. असेल तर असेल म्हणून लिहा, आणि खोदाईच्या आधी सर्पमित्रांकडून फेरी, दगडांचे ढीग हाताने हलवणं, वनविभागाला कळवणं, अशा तीन-चार करण्याजोग्या गोष्टी लिहा. त्याने मंजुरी अडत नाही. लपवलेलं नंतर सापडलं तर अडते.

पद्धतही लिहावी लागते. झाडांना १० बाय १० मीटरचे चौकोन, झुडपांना ५ बाय ५, गवत-वनस्पतींना १ बाय १. एवढ्याशा भूखंडावर झाडांचे चौकोन न टाकता सगळीच मोजा. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरच्या तीन तासांत ठरलेल्या बिंदूंवर दहा-दहा मिनिटं. तारीख, वेळ, निर्देशांक फोटोवर. मेमधल्या फोटोत हिरवंगार गवत दिसलं तर तो फोटो कुठल्या तरी दुसऱ्या फाइलीतला आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

---

निचरा_आणि_नाला

मी फक्त पाण्याबद्दल लिहितो, कारण सिरपूरच्या बाजूच्या फाइली तिथेच अडकतात.

आधी पावसाचं. १.६ हेक्टर मोकळ्या जमिनीचा अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातलं किती वाहून जातं ते प्रमाण) ०.३५ धरा, बांधकामानंतर ०.७. तासाला ६० मिलिमीटरची सर आली तर Q = CIA/३६० (प्रवाह = गुणांक × मिमी प्रतितास × हेक्टर ÷ ३६०) या सूत्राने आधी सेकंदाला ०.०९ घनमीटर, नंतर ०.१९. तासाभरात फरक ३३६ घनमीटरचा. हे जास्तीचं पाणी एकदम नाल्यात सोडलं तर खालच्या वस्तीत शिरेल आणि काठ खरवडून तलावात गाळ नेईल. म्हणून तेवढं पाणी तासभर धरून ठेवायची सोय आराखड्यात दाखवा. थोडं छपराच्या टाकीत, थोडं नाल्याकडच्या खोलगट हिरवळीत. तळघराच्या सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) धरू असं लिहू नका. वीज गेली की तोच सम्प पार्किंगमध्ये येतो.

पुनर्भरणाबद्दल. मंत्रालयाच्या प्रमाणित अटींत दर ५,००० चौ. मी. बांधीव क्षेत्रामागे एक पुनर्भरण बोअर आहे. तुमचं क्षेत्र २९,०००च्या आसपास म्हटलंय, म्हणजे सहा. शिवाय एका दिवसाच्या ताज्या पाण्याएवढी पावसाच्या पाण्याची साठवण. पण आपल्याकडे वर काळी माती आणि खाली बेसाल्ट. मेमध्ये परीक्षण-खड्डा खणून पाणी ओतलंत तर ते भेगांतून झर्रकन खाली जातं आणि अहवालात झिरपण्याचा दर उत्तम लागतो. रात्रभर खड्डा भरून ठेवा. माती फुगते, भेगा मिटतात आणि सकाळी पाणी तिथल्या तिथे उभं असतं. जुलैतला खरा दर तोच. म्हणून काळ्या मातीतले उथळ शोषखड्डे दाखवू नका. मुरूम आणि झिजलेल्या किंवा सच्छिद्र खडकाच्या थरापर्यंत जाणारा शाफ्ट घ्या, वर गाळ बसायचा चेंबर, मग वाळू-खडी-बोल्डरची गाळणी, आणि वाळूचा वरचा थर दर वर्षी पावसाआधी काढून बदलता येईल असा. शाफ्टमध्ये फक्त छपराचं पाणी. पार्किंगचं तेलकट पाणी त्यात गेलं तर आपण भूजल भरत नाही, नासवतो.

आता सांडपाणी. १८० फ्लॅट, दर फ्लॅट ५ माणसं, माणशी १३५ लिटर: दिवसाला १२१.५ हजार लिटर. त्यातलं माणशी ४५ लिटर फ्लशिंगचं, म्हणजे ४०.५. उरलेलं ८१ हजार नर्मदेचं ताजं पाणी. त्याचे ८० टक्के अधिक फ्लशिंगचं पूर्ण पाणी धरलं तर एसटीपीकडे रोज १०५ हजार लिटर येणार. एसटीपी १२५ केएलडीची (दिवसाला १२५ हजार लिटर) धरा. शुद्ध होऊन साधारण १०० बाहेर पडतं. फ्लशिंगला ४०, बागेला ७-८. बाकीचं ५०-५२ हजार लिटर कुठे जाणार?

इथेच बहुतेक फाइली गडबडतात. तक्त्यात बागेचा आकडा फुगवून शिल्लक शून्य दाखवतात. २,५०० चौ. मी. बागेला रोज ६० हजार लिटर पाणी कुणी घालत नाही, आणि पावसाळ्यात तर बागेला शून्यच. पावसाळ्याचा वेगळा तक्ता द्या, शिल्लक ६० दाखवा, आणि ती पालिकेच्या मलवाहिनीत सोडायची जोडणी मिळेल असं पालिकेचं लेखी पत्र जोडा. नाल्यात सोडणार नाही हे स्पष्ट लिहा. एसटीपीचा ओव्हरफ्लो पाइप नाल्याच्या दिशेने दाखवलेला एक नकाशा बाकीचे शंभर कागद वाया घालवतो.

तळघर खोदताना पाणी उपसावं लागलं तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाची ना-हरकत वेगळी लागते. उपसलेलं गढूळ पाणी आधी गाळटाकीत.

---

बडोद्याचा_वाचक

इंदूरचं नाही, पण ऋतूंवरून एक. इथे विश्वामित्रीच्या काठी मगरी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. काठाचं सपाटीकरण ठेकेदाराला नेमकं याच महिन्यांत सोयीचं, कारण नदी आटलेली असते. जी प्रजाती असेल तिचा विणीचा काळ आणि तुमच्या बारचार्टमधली खोदाई एकाच कागदावर, महिन्याच्या चौकटीत दाखवा. समितीला समजायला सोपं आणि साइट इंजिनिअरलाही.

---

अभिन्यास_इंदूर

फार उपयोग झाला, धन्यवाद सगळ्यांना. बांधीव क्षेत्र पुन्हा मोजलं, २९,२०० निघालं. मालकांना सांगितलंय. आता झाडांचं विचारतो. सध्याच्या अभिन्यासात ३८ झाडं जातात, त्यात दोन्ही वड आहेत, कारण तळघर पूर्वेला नाल्याच्या बाजूला आहे. वड दुसरीकडे लावून चालतील का? आणि तोडण्याची परवानगी ईसीबरोबरच मिळते का?

---

झाडगणना

नाही, वेगळी. शहरी हद्दीत मध्य प्रदेशचा २००१चा वृक्ष परिरक्षण कायदा लागू आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. ईसीच्या अटींत एका झाडामागे दहा लावायची आहेत, म्हणजे तुमची ३८० झाली. शिवाय दर ८० चौ. मी. जमिनीमागे एक झाड, म्हणजे १६,००० चौ. मी.ला २००. उभी राहणारी १०२ झाडं या दोनशेत धरता येतात, तोडलेल्यांची भरपाई मात्र वरून. ३८० झाडं या भूखंडावर मावणारच नाहीत. बाहेर कुठे लावणार ती जागा, तिच्या मालकाचं संमतिपत्र आणि पाण्याची सोय आत्ताच दाखवा. अन्यत्र लावू एवढं लिहिलेलं चालत नाही.

वडाचं स्थलांतर जमतं. वड, पिंपळ, उंबर त्या मानाने जगतात. चिंच, मोह अशी खोल सोटमुळाची मोठी झाडं क्वचितच. पण जुन्या वडाभोवती मातीचा गड्डा धरून क्रेनने उचलायचा म्हणजे मुळांच्या छाटणीपासून दोन-तीन महिन्यांचं काम आहे, आणि काळी माती ओली असताना गड्डा फुटतो, सुकी असताना तडकतो. माझं मत विचाराल तर तळघर पश्चिमेला सरकवा. वड नाल्याकाठी आहेत म्हणता, तिथेच त्यांचा सर्वात जास्त उपयोग आहे. वर निचराभाऊंनी सांगितलेली खोलगट हिरवळ, नाल्याकाठचा हरितपट्टा आणि वड, तिन्ही एकाच पट्टीत बसतात. विकास योजनेने नाल्यापासून सोडायला सांगितलेलं अंतरही त्यातच निघतं. ३८ची १५-१६ होतील आणि भरपाई १५०-१६०वर येईल. अभिन्यास टीएनसीपीत शिक्का लागून अडकायच्या आत हे करा, नंतर प्रत्येक बदलाला नवी फेरी.

मोजणीची पद्धत: घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. जुन्या झाडांना जाडजूड फांद्या तिथूनच फुटल्या असतील तर प्रत्येक खोडाचा वेगळा घेर लिहा. ॲल्युमिनियमचा क्रमांकपत्रा खिळ्याने घट्ट ठोकू नका, खोड वाढलं की पत्रा आत गिळला जातो. ढोल्या वेगळ्या रकान्यात लिहा: जमिनीपासून उंची, तोंडाचा व्यास, खाली विष्ठा किंवा पिसं आहेत का. वडाच्या ढोलीत पिंगळा असतोच असं नाही, पण धनेशाची मादी मार्च ते जूनमध्ये स्वतःला आत लिंपून घेते. बाहेरून बघणाऱ्याला लिंपून बुजवलेली फट तेवढी दिसते आणि तो 'ढोली रिकामी' लिहून मोकळा होतो. खाली पडलेल्या वडफळांच्या बिया आणि विष्ठा बघा. तोडणं अगदी टळतच नसेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत. पावसाळ्यात बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची वसाहत झाडावर असेल तर हात लावायचा नाही.

लागवडीत करंज, अर्जुन, जांभूळ, बेल, पळस घ्या. नाल्याकाठी अर्जुन आणि करंज. कोनोकार्पस अजिबात नको, सुबाभूळही नको.

---

ईसी_फाइलवाला

झाडगणनांच्या बोलण्याला जोड. वरची २० सेंटीमीटर माती वेगळी काढून ठेवायची, ही प्रमाणित अट आहे. इमारत आणि रस्ते मिळून ९,००० चौ. मी. धरलं तर १,८०० घनमीटर. ती कुठे ठेवणार ते साइट प्लॅनवर दाखवा, नाल्यापासून लांब, आणि पावसाआधी झाकायची. बहुतेक आराखड्यांत या ढिगाला जागाच नसते. मग माती पहिल्याच महिन्यात ट्रकने बाहेर जाते आणि बागेसाठी पुन्हा विकत आणतात. कंपोस्टचं यंत्र माणशी ०.३ किलोच्या हिशेबाने, ९०० माणसांना २७० किलो रोजचं. बाजारात सहज मिळणारं शंभर किलोचं यंत्र दाखवलंत तर परत येईल.

ईसी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मग दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल. पाणथळभाऊंनी सांगितलेले जुलै आणि जानेवारीचे टप्पे अनुक्रमे डिसेंबर आणि जूनच्या अहवालांत जोडा, म्हणजे त्यांचं वेगळं पत्र लिहावं लागत नाही. आणि मालकांना आजच सांगा, जेसीबी भूखंडाच्या गेटबाहेरसुद्धा उभा करू नका. उपग्रहचित्रात तारीख असते.